मालक घेत नाही, सबब परत

१

चार वाजले की सुमन टपाल घेऊन निघायची. अर्जुनराव वकिलांची कचेरी चिंचवड स्टेशनाच्या अलीकडे, पोस्ट गावठाणाच्या तोंडाशी, मधे चालत दहा मिनिटं. तेवढ्या वेळात ती पिशवीतली पाकिटं तीनदा मोजायची, तिकिटांच्या कडा दाबून बघायची, आणि पोस्टाची पायरी चढताना पुन्हा एकदा थांबायची. खिडकीमागचे बाबू तिला ओळखून होते. ठप्पा उचलला की आधी म्हणायचे, "सुमनताई, मारतो हां!" न सांगता मारला तर पोरगी वीतभर उडायची आणि रांगेतली माणसं हसायची.

पुण्याला मामांकडे राहून ती इंटरपर्यंत शिकली होती. अक्षर मोत्यासारखं, म्हणून अर्जुनरावांनी जावक टपालाची वही तिच्या हाती दिली. वकिलाची नोटीस रजिस्टरनंच जायची, पोचपावतीसकट. पोस्टाची पावती वहीत डकवायची, सहीची पोच परत आली की तिच्यासमोर लावायची, आणि पाकीटच परत आलं तर पोस्टमननं लिहिलेला शेरा उतरवून घ्यायचा. शेरे ठरलेले. "मालक मिळून येत नाही." "मालक गाव सोडून गेला." "मालक घेत नाही, सबब परत." टपालाच्या बोलीत मालक म्हणजे ज्याच्या नावाचं पत्र तो. मग त्याच्या अंगावर धड सदरा का नसेना!

"साधं टपाल म्हणजे नदीत सोडलेला दिवा," अर्जुनराव पक्षकारांना सांगायचे. "गेला म्हणायचं नि घरी यायचं. रजिस्टर कसं? एक तर सही घेऊन येतं, नाही तर कारण घेऊन येतं. हात हलवत येत नाही."

सुमनला हे वाक्य फार आवडायचं. काहीतरी परत येतंच, या भरवशावर तिला रात्री झोप लागायची.

सत्तावन्न साली दसरा होऊन गेल्यावर एका सोमवारी परत आलेल्या टपालात एक पाकीट तिच्याच अक्षरातलं निघालं. मारुती सखाराम, अंबुबाईंची खोली, बाजारपेठेमागे, चाकण. हे पाकीट परत येणार हे ठाऊकच होतं. परत यावं म्हणूनच तर पाठवलं होतं. तिनं वही उघडली, टाक बुडवला, आणि शेरा वाचला.

जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, "मालक घेत नाही, सबब परत."

टाकातून शाईचा थेंब वहीवर पडला तरी तिला समजलं नाही. हा मालक तिचा बाप होता. आठ वर्षांत त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

२

घर दोन खोल्यांचं, गावठाणात, पण रस्त्याला लागून. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाल्यापासून साताऱ्याकडची, मराठवाड्याकडची माणसं खोल्या शोधत दारोदार हिंडत होती, आणि मारुतरावांचा धाकटा भाऊ भिमाजी त्या दोन खोल्यांकडे बघत होता. त्याच्या हाती कागद होता. एकोणपन्नास साली भावाभावांचं वाजलं, तेव्हा मारुतराव रागानं मुखत्यारपत्र लिहून देऊन मोकळे झाले. घराचं काय करायचं ते तू कर, मला तुझं तोंड बघायचं नाही. आणि चाकणला मापाडी म्हणून जाऊन राहिले.

"वैनी, मी काय तुमास्नी रस्त्यावर काढतोय व्हय?" भिमाजी ओट्यावर बसून म्हणायचा. "गोठ्याच्या अंगाला पत्रं टाकून देतो. दोघी तर हाईसा. आन् ही तर वकिलीनबाई, उद्या नवऱ्याच्या घरी जाईल."

"आदी तिला नवरा बघा, मग तिच्या खोलीत भाडेकरू घाला," सुमनची आई कौशल्याबाई आतूनच म्हणायच्या.

पण बोलून काय होतं! त्यानं पुण्याला दावा लावला. अर्जुनरावांनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि सुमनला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, मुखत्यारपत्र माणूस जिवंत आहे तोवर. माणूस गेला की कागद गेला, घर बायकोचं. आता तुझे वडील गेले हे दाखवायचं कसं? तर कायदा म्हणतो, सात वर्षं घरच्यांना काहीच खबर नसेल तर मेला असं धरायचं. तेव्हा त्यांच्या शेवटच्या पत्त्यावर एक रजिस्टर टाक. 'मिळून येत नाही' म्हणून परत येईल. ते पाकीट मी कोर्टापुढं ठेवतो."

त्या शेवटच्या पत्त्यावरून एकच कार्ड आलं होतं, एकोणपन्नास सालच्याच भाद्रपदात. खुशालीच्या दोन ओळी, आणि खाली, येऊ का? सुमन तेव्हा चौदा वर्षांची. आई चुलीपुढून म्हणाली, "इचारायचं काय त्यात! लिही, या म्हनून." तिनं लिहिलं आणि शाळेत जाताना पेटीत टाकलं. साधं कार्ड. पुढं महिनाभर आई रोज भाकरी एक जास्त थापायची. मग आई स्वतः चाकणला जाऊन आली, येताना वळकटी आणि तांब्या घेऊन आली. खोली रिकामी, मालक कुठं गेला कुणाला माहीत नाही.

ते कार्ड पोचलं होतं का? हे विचारायला सुमनजवळ पावती नव्हती.

३

अर्जुनरावांनी पाकीट उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं, आणि टेबलावर टाकलं.

"हे कोर्टात ठेवलं तर आपल्याच पायावर धोंडा. घेत नाही म्हणजे घ्यायला माणूस आहे."

"पोस्टमननं चुकून लिहिलं असेल," सुमन म्हणाली.

"असेल. दुपारची वेळ, ऊन, कुलूप बघितलं, दिला शेरा ठोकून." ते तिच्याकडे बघत राहिले. "का? तुला काही वेगळं वाटतं?"

वाटत होतंच. वडील जिवंत असतील. दुसरी बाई केली असेल, दुसऱ्या गावाला असतील, खोलीवर अधूनमधून येत असतील. अशी माणसं असतात, कचेरीत रोज एक येतो. मग आनंद का होत नाही? बाप जिवंत असल्याची खबर आली आणि तिला पाठीवरून गार पाण्याचा ओघळ गेल्यासारखं झालं होतं. शेरा तिनं कितीदा वाचला! घेत नाही. कोण घेत नाही? पोस्टमन कुणाशी बोलला?

"दुसरं टाक," अर्जुनराव म्हणाले. "आणि बुधवारी स्वतः जा. पोस्टमनला घेऊन त्या दारात उभी राहा. जे असेल ते समोरासमोर. तारीख शुक्रवारची आहे, मला कागद हवा."

घरी तिनं सांगितलं तेव्हा कौशल्याबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"नको म्हनले?"

"नको असं नाही, घेत नाही असा शेरा असतो, आई. ठरलेले शब्द आहेत ते."

"त्येच की," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि एक खडा बाजूला टाकला.

४

कासारवाडीपुढं तिनं नाशिकच्या रस्त्यावरची एस.टी. धरली. भोसरी गेली, मोशी गेली, पुलाखालून इंद्रायणी गेली. चाकणच्या पोस्टात पोस्टमन सोनबा तिची वाटच बघत होता जणू. पन्नाशीचा, काटकुळा, खाकी कोटाला एकच बटण. तिनं नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला.

"त्या रजिस्टरचं इचारायला आला का? ताई, आटरा वर्सं नोकरी झाली. दार न वाजवता शेरा मारायची आपली रीत न्हाई."

"तुम्ही दार वाजवलंत?"

"वाजवलं. हाक दिली. मारुती सखाराम, रजिस्टर हाय. आतनं म्हनले, नको. म्हनलं, मालक, सरकारी कागद असंल, दार तर उघडा. पुन्हा म्हनले, नको. दाराशीच हुते, ह्या इथं, बोलत्यात तसं." त्यानं आपल्या छातीपासून हातभर अंतर दाखवलं. "मग म्या लिवलं. चुकलं का?"

"कुलूप नव्हतं दाराला?"

सोनबानं कोटाचं एकुलतं बटण चाचपलं. "ते म्या बघितलं न्हाई बगा."

अंबुबाईंचं घर पेठेमागे, खोली परसात, एकटी. म्हातारी ठसठशीत, कपाळावर मोठं आडवं गोंदण. सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसली.

"मारुतराव? आगं त्यो गेला त्या सालीच गेला. तुज्या आईला वळकटी म्याच दिली. आता त्या खोलीत माजं कांदं ऱ्हात्यात! ह्या सोनबाला कांदं बोललं आसत्याल. सोनबा, कानाचं कायतरी बग बाबा."

"अंबुमावशी, थट्टा नगं."

"थट्टा कशाची? ही बग किल्ली, माज्या कमरंला."

कुलूप गंजकं होतं, किल्ली दोनदा फिरवावी लागली. दार उघडलं तसा कांद्याचा कोंदट गोडसर वास अंगावर आला. एकच खोली. फळकुटांवर कांदे पसरलेले, जमिनीवर सुकलेल्या पापुद्र्यांचा घोटाभर थर. समोरच्या भिंतीला गज असलेला हातभर झरोका, त्यातून उन्हाची चौकोनी पट्टी. कोपऱ्यात माणूस लपेल एवढीसुद्धा जागा नव्हती. सुमन आत गेली. पावलाखाली पापुद्रे कुरकुर वाजले, आणि ती स्वतःच्याच आवाजानं दचकली. अंबुबाई म्हणाली, "बया, पोरगी हाय का चिमनी!"

तिनं चारी कोपरे पाहिले. फळकुटांखाली वाकून पाहिलं. काहीच नव्हतं, आणि सोमवारपासून पहिल्यांदा तिला पोटभर श्वास आला. शेजारच्या परसातला आवाज असेल. सोनबाला उन्हाचं भोवळल्यासारखं झालं असेल. अडाणी माणूस, काय सांगावं. बाहेर येता येता तिला हसूही आलं, आणि त्या हसण्याची लाजही वाटली. वडील इथं नाहीत याचा तिला आनंद झाला होता.

अंबुबाईनं पुन्हा कुलूप लावलं आणि खेचून पाहिलं.

५

"आता ह्याचं काय करू?" सोनबानं पिशवीतून दुसरं पाकीट काढलं. "रीतीपरमानं हाक द्यावी लागंल. त्याबिगार लिवता येत न्हाई."

"कुलपाला हाक देतोस व्हय रं?" अंबुबाई म्हणाली.

"सरकारी काम हाय."

तो दारापुढं उभा राहिला. भर दुपार होती. पलीकडं कुणीतरी धुणं आपटत होतं, पेठेत बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. सोनबानं कडी वाजवली आणि पोस्टमनच्या उंच सुरात म्हणाला, "मारुती सखाराम! रजिस्टर!"

धुण्याचा आवाज थांबला होता की सुमनला ऐकू येईनासं झालं होतं, कोण जाणे. आत पापुद्रे वाजले. उंदीर, ती मनात म्हणाली. पुन्हा वाजले. उंदीर खसफस करतो, धावतो, थांबतो. हे तसं नव्हतं. एक पाऊल. मग दुसरं. समोरच्या भिंतीकडून निघून, फळकुटांना वळसा घालून, सावकाश, दमलेल्या माणसानं दिवसभर वजनं उचलून घरी यावं तसं ते दारापर्यंत आलं आणि थांबलं.

दाराखाली बोटभर फट होती. तिच्यातून आतल्या झरोक्यातल्या उन्हाची रेघ उंबऱ्यावर पडली होती. ती रेघ दोन ठिकाणी तुटली.

"नको," आतून आवाज आला.

रागानं नाही. जेवताना चौथी भाकरी वाढायला आलेल्या बाईला ताटावर हात धरून म्हणावं तसं.

सोनबाच्या हातातलं पाकीट खाली पडलं. सुमननं ते उचललं की ती खाली बसली म्हणून हाती आलं, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. तो आवाज तिनं आठ वर्षांत एकदाही आठवून पाहिला नव्हता. आठवणार नाही अशी भीती वाटायची. आणि आता तो अगदी होता तसा होता.

"आप्पा," ती फटीशी तोंड नेऊन म्हणाली. "आप्पा, मी या म्हणून लिहिलं होतं. तेव्हाच लिहिलं होतं. कार्ड टाकलं होतं मी."

आत श्वास घेतल्यासारखं झालं.

"मिळालं नाही का?" तिनं विचारलं.

तिनं पाकीट फटीतून आत सरकवलं. अर्ध्यापर्यंत गेलं आणि अडलं. मग हळूहळू, कोपरा दुमडू न देता, ते तिच्याकडे परत यायला लागलं. पाकिटाच्या कडेशी चार बोटांची टोकं दिसली. नखं कापलेली होती, नुकतीच, आज सकाळी कापावीत तशी. पाकीट पुरतं बाहेर आलं. बोटं क्षणभर उजेडात राहिली आणि गेली. पापुद्रे मात्र पुन्हा वाजले नाहीत. कुणी परत गेलं नाही.

"उंदरं लई झाल्यात," अंबुबाई म्हणाली. ती कधीच अंगणापलीकडं जाऊन उभी राहिली होती, पदर तोंडाशी धरून.

सोनबा पेन्सील काढून उभा होता. "ताई," तो कसाबसा म्हणाला, "काय लिवू?"

सुमननं पाकिटाकडं पाहिलं. घेत नाही असं लिहिलं तर आप्पा जिवंत राहणार होते आणि आई गोठ्याच्या अंगाला पत्र्याखाली जाणार होती.

"खोली आपण तिघांनी पाहिली," ती म्हणाली. आपला आवाज इतका सरळ कसा येतो याचं तिला नवल वाटलं. "डोळ्यांनी जे पाहिलं ते लिहा."

सोनबानं दाराकडं पाठ केली आणि तिच्यासमोर लिहिलं, "मालक मिळून येत नाही, सबब परत."

६

शुक्रवारी पुण्याच्या कोर्टात अर्जुनरावांनी पाकीट पुढं ठेवलं आणि सुमनला पिंजऱ्यात उभं केलं. तिनं शपथ घेतली. भिमाजी बाकावर बसून टोपी गुडघ्यावर फिरवत होता.

"गेल्या आठ वर्षांत तुमच्या वडिलांची काही खबर? पत्र, निरोप, कुणाच्या तोंडून काही?"

"नाही."

"तुम्ही स्वतः त्यांच्या खोलीवर गेला होतात?"

"बुधवारी. खोलीत कांदे आहेत."

"दुसरं काही?"

उत्तर द्यायला तिला एवढा वेळ लागला की न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"दुसरं काही नाही," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. मारुती सखाराम मयत धरण्यात आले, मुखत्यारपत्र संपलं, घर कौशल्याबाईंचं. अर्जुनराव खूश होते. "बघ, साध्या टपालानं झालं असतं का हे?" भिमाजी संध्याकाळी येऊन ओट्यावर बसला आणि काही न बोलता रडला. भाऊ मेला हे त्यालाही कोर्टातच कळलं होतं.

कौशल्याबाईंनी बांगड्या स्वतःच उतरवल्या, शेजारणींना बोलावलं नाही. मोरीत जाऊन कपाळ धुतलं. मग भाकरी थापायला बसल्या. सुमन दारात उभी होती.

"मला एकच सांग," तव्याकडं बघत त्या म्हणाल्या. "आवाज लई खोल गेल्ता का गं? मी गेल्ते तवा नीट ऐकू आल्ता."

कौशल्याबाईंनी भाकरी उलटली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "जेव."

७

मार्गशीर्ष लागल्यावर ती पुन्हा चाकणला गेली, आईला कचेरीचं काम सांगून. पोस्टापुढं सोनबा भेटला. तिला बघून तो आधी घाबरला, मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, आता त्या नावाचं टपाल टाकू नगा. निकाल झाला म्हनं. आता आलं तर मला मालक मयत लिवावं लागंल."

"टपाल नाही," ती म्हणाली. "मीच देणार आहे."

अंबुबाई परसात आली नाही. ओसरीतूनच म्हणाली, "कांदं इकलं म्या. खोली झाडून घितली. बस जा, बसायचं तर."

दाराला तेच कुलूप होतं. सुमन उंबऱ्यापाशी बसली. पिशवीतून एक कागद काढला, पाकीट नाही, तिकीट नाही, नाव नाही. काल बसून लिहिला होता. आप्पा, मी तुम्हाला मेले म्हटलं. शपथेवर म्हटलं. घर राहिलं. आई बरी आहे. एवढंच. आणखी काही लिहायचं होतं, पण त्याच्याखाली दुसरं काही लिहिता येईना.

तिनं कडी वाजवली. "आप्पा," म्हणाली. थांबली. पेठेतून माणसांचा गलका येत होता. आत झाडलेली कोरडी जमीन होती, पाऊल वाजलं नसतं. तिनं फटीकडं पाहिलं. उन्हाची रेघ अखंड होती.

"आप्पा, पत्र आहे."

नको म्हणा, तिला म्हणायचं होतं. एकदा म्हणा.

तिनं कागद फटीतून आत सरकवला. अर्ध्यावर तो अडेल म्हणून ती बोटानं जपून लोटत राहिली. अडला नाही. कुणी ओढलाही नाही. तिच्या बोटाखालून तो पुढं गेला, सगळा गेला, आणि दिसेनासा झाला.

ती बसून राहिली. चारची एस.टी. गेली, तिचा भोंगा ऐकू आला. उंबऱ्यावरची उन्हाची रेघ फिकट होत गेली. सुमन डोळे त्या बोटभर फटीवर ठेवून वाट बघत होती, कागद परत येईल म्हणून.